बिनसाखरेचा फेस

आईचा हात मोडला जिन्यात, आणि साखर सापडली दवाखान्यात. डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टर घातलं, रक्त तपासायला पाठवलं आणि कागद हातात आल्यावर चिमीला बाजूला घेऊन विचारलं, "आईंना मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

चिमीला माहीत नव्हतं. आईला मात्र होतं.

"दोन वर्षांपूर्वी एक डॉक्टर म्हणाला होता तसं काहीतरी," खाटेवर बसल्या बसल्या आई म्हणाली. "पण फारच पोरगेला दिसत होता. मी नाही मनावर घेतलं."

असा सगळा आनंदीआनंद झाला आणि आई चिमीकडे राहायला आली.

चिमी अठ्ठेचाळीस वर्षांची होती, पण आईच्या तोंडी अजून चिमीच. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती बावीस वर्षं काम करत होती. लाल मेणात एकेक दात बसवायचा, चिमट्याने किंचित फिरवायचा, पुन्हा बघायचा. केसाएवढा फरक राहिला तरी कवळी हिरडीला टोचते, त्यामुळे नेमकेपणा तिच्या हाडीमाशी खिळला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि तिच्या घरात चमच्यालाही स्वतःची जागा होती. आई आली आणि आठ दिवसांत चमचे फिरतीवर गेले.

ते चिमीने सोसलं. आईनेही तिच्या बाजूने पुष्कळ सोसलं. पाव सोडला, बटाटे सोडले, भाताचा ढीग मुठीएवढा केला, गोड बिस्किटांचा डबा स्वतःच्या हाताने शेजारणीला देऊन टाकला. फक्त एका गोष्टीवर गाडी अडली, ती म्हणजे दुपारची चारची कॉफी.

ही कॉफी साधी नव्हती. आईने एकतीस वर्षं बंदराच्या फाटकाशी कॅन्टीन चालवलं होतं. हमाल, क्रेनवाले, कारकून, सगळे तिला मावशी म्हणायचे. कधीकाळी एका ग्रीक बोटीवरचे खलाशी दुरुस्तीसाठी महिनाभर अडकून पडले होते, त्यांनी तिला त्यांच्याकडची थंड कॉफी शिकवली. झाकणाच्या बरणीत झटपट कॉफीची पूड, साखर आणि घोटभर गार पाणी घालून खळाखळा हलवायचं. चांगला बोटभर फेस आला की उंच ग्लासात बर्फावर ओतायचा, वरून गार पाणी आणि थोडं दूध. बोट गेली, खलाशी गेले, कॉफी राहिली. तेव्हापासून रोज चार वाजता आईचा उंच ग्लास भरायचा, आणि त्यात साखर दोन चमचे, तीही शीग लावून.

"तीच कॉफी बिनसाखरेची करू," चिमी म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"साखरेशिवाय फेस येत नाही," आई म्हणाली.

"येईल."

"कर मग. माझा तर हात बांधलेला आहे."

आईचा उजवा हात कोपरापर्यंत पांढराशुभ्र होता आणि ती तो मांडीवर असा ठेवून बसायची, जणू कुणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिलाय.

पहिल्या दिवशी चिमीने मापं काढली. कॉफीची पूड, पाणी, साखरेऐवजी गोडीसाठी मिळते ती पांढरी पूड आणि साध्या दुधाऐवजी बिनसाखरेचं बदामाचं दूध, कारण साध्या दुधातही साखर असते असं तिने कुठेतरी वाचलं होतं. सगळं एकदम बरणीत घातलं आणि हात भरून येईपर्यंत हलवलं. बरणी उघडली तर आत तपकिरी पाणी आणि त्यावर चार बुडबुडे, तेही बघता बघता फुटले.

आईने ग्लास उजेडात धरला. "बोटीच्या तळात असंच पाणी साचतं," ती म्हणाली. "ते पंपाने बाहेर काढतात."

दुसऱ्या दिवशी मिक्सर काढला. झाकण नीट बसलं नव्हतं, की बसलं होतं पण उडालं, हे चिमीला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉफी छतापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी तिने भारीतली कॉफी आणली, ती निघाली गाळायची, त्यामुळे आई अर्धा तास दातांतून चोथा काढत बसली. "तुला गिऱ्हाईक मिळावं म्हणून माझे दात पाडतेस का?" असंही वर ऐकवलं. चौथ्या दिवशी चिमीने हात जोडले.

"आई, तू एकतीस वर्षं ही कॉफी केलीस. माझं काय चुकतंय ते सांग ना."

"सांगितलं की. साखर नाही."

"साखर सोडून!"

"साखर सोडून मला येत नाही. साखर आण, शिकवते."

चिमीच्या नाकी नऊ आले. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात बसवायचे आणि घरी येऊन आपलेच ओठ चावायचे, असं चाललं होतं. त्यात पाचव्या दिवशी आईने जाहीर केलं, "तू नकोच करू. मी कॉफी सोडली." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की चिमीला बरं वाटण्याऐवजी संशयच आला. आई कधीच काही शांतपणे सोडत नसे.

पण सोडली खरी. महिना गेला. आई टुकटुकीत दिसत होती, चार वाजले तरी कुरकूर नाही, उलट संध्याकाळी चिमी आली की आई गुणगुणत खिडकीत बसलेली. साप साप म्हणून आपण उगाच भुई धोपटली, असं चिमीला वाटायला लागलं.

मग एका दुपारी लॅबमधली भट्टी बंद पडली. दुरुस्तीवाला उद्या येणार म्हणाला आणि सगळ्यांना लवकर सोडलं. चिमी चारच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावर पोचली, कुलूप उघडलं, तर घर रिकामं. आईच्या चपला नाहीत. प्लास्टर घातलेली सत्तर वर्षांची बाई, आणि पुन्हा जिना. ती पळत बाहेर आली, आणि समोरच्या दारातून हसणं ऐकू आलं.

समोर बोटवाले काका राहायचे. त्यांनी जन्मभर मालवाहू बोटींवर विजेची कामं केली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी जमिनीवर पाय फाकवून चालायचे, जणू ती कधी हलेल याचा नेम नाही. दार उघडंच होतं. आत टेबलाशी आई बसली होती. डाव्या हातात उंच ग्लास, ओठावर फेसाची मिशी. टेबलावर बरणी, बर्फाचं भांडं आणि मधोमध, झाकण उघडं टाकलेला साखरेचा डबा.

"आई!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "हात ठणकतो."

"तू कॉफी सोडलीस ना?"

"तुझी सोडली."

चिमीला काय बोलावं सुचेना, आणि सुचलं तेव्हा एकदम सगळंच सुचलं. मधुमेह, मूत्रपिंड, डोळे, पायाच्या जखमा, दवाखान्यातल्या रांगा, छतावरचे कॉफीचे डाग जे अजून निघाले नव्हते, सगळं तिने एका दमात काढलं. आईने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता ग्लासाच्या तळाशी उरलेला फेस चमच्याने काढून खाल्ला, तोही चिमीच्या डोळ्यांत डोळे घालून, ग्लास टेबलावर ठेवला आणि उठली.

"कॉफी अशी असते," जाताना ती म्हणाली. "बघून ठेव."

आई घरात गेल्यावर चिमी काकांकडे वळली. "काका, तुम्ही तरी! तुमच्या डोळ्यांदेखत एक बाई विष पितेय आणि तुम्ही ते ढवळून देताय?"

काकांनी आधी जाऊन दार लावलं. मग साखरेचा डबा उचलून चिमीसमोर धरला. "चाखून बघ."

"मला काय कळायचंय चाखून?"

"मग हे बघ." त्यांनी कपाट उघडून एक हिरवी डबी काढली. गोडीची पूड. चिमीच्या ओट्यावर होती तीच, त्याच कंपनीची, त्याच मापाची. "अगं, मला स्वतःला अकरा वर्षं मधुमेह आहे. माझ्या घरात साखरेचा दाणा मिळाला तर नाव बदलीन. तुझी आई पहिल्यांदा आली ना, तेव्हा तुझी डबी घेऊनच आली होती मला दाखवायला. 'बघा, पोटची पोर काय पाजते मला,' म्हणून. मी म्हटलं, ही वस्तू बरी दिसते. दुसऱ्या दिवशी आणली आणि साखरेच्या डब्यात ओतून ठेवली."

चिमीने खुर्ची ओढली. "म्हणजे महिनाभर ती बिनसाखरेचीच पितेय?"

"रोज."

"आणि तिला आवडतेय?"

"बोटं चाटते."

"पण फेस? माझा फेस का येत नाही मग?"

"तू दूध कधी घालतेस?"

"बरणीतच. सगळं एकदम."

"तिथेच घोडं पेंड खातं." काका टेबलावर बोट आपटत म्हणाले. "दुधातल्या स्निग्धांशाने फेस मरतो. आधी नुसती कॉफी, पूड आणि दोन चमचे गार पाणी, बस. हलव हलव हलव. फेस ग्लासात गेला, पाणी घातलं, मग वरून दोन चमचे साय. दूध कशाला? साय कमी लागते, तिच्यात साखर नसल्यासारखीच, आणि तोंड भरतं. मी बोटीवर ग्रीक फिटरबरोबर चार वर्षं काढली आहेत."

चिमीला रडावं की हसावं कळेना. म्हणजे वस्तू तीच, पूड तीच, आणि नापास झाली ती एकटीच.

"मी आत्ता जाऊन तिला सांगते," ती उठली.

"सांग," काका म्हणाले. "आणि उद्यापासून ती पिणार नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाईल, तिथे खरी साखर आहे. तुला काय हवंय, तिची साखर उतरायला हवी की तुझं म्हणणं खरं ठरायला हवं?"

चिमीला दोन्ही हवं होतं. पण त्यातलं एकच मिळण्यासारखं होतं, म्हणून तिने अळीमिळी गुपचिळी केली. एवढंच नाही, काकांच्या सल्ल्याने रोज संध्याकाळी आईला रागवायचीही जबाबदारी घेतली. "तू ओरडलीस की तिला जास्त गोड लागते," असं काकांचं निरीक्षण होतं. लटकं रागवायला आपल्याला जमेल का, याची चिमीला धास्ती होती, पण ती फुकट गेली. आई रोज रागवण्यासारखं काहीतरी करायचीच. कधी चिमीने लॅबमधून आणलेल्या चिमट्यांच्या खणात कांदे ठेवायची, कधी मेणाची लादी साबण समजून न्हाणीघरात. चिमी कॉफीचं नाव घेऊन कांद्यांचा राग काढायची. दोघींचं भागत होतं.

प्लास्टर निघालं. हाताला अजून जोर नव्हता, मूठ वळली की मनगट कापायचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि दोघी डॉक्टरांपुढे जाऊन बसल्या. डॉक्टरांनी कागद बघितला, मागचा कागद काढून शेजारी ठेवला आणि मान डोलावली.

"छान. फारच छान. तीन महिन्यांची सरासरी साखर नवावरून साडेसहावर. काय केलंत हो तुम्ही?"

आई याच प्रश्नाची वाट बघत असावी. ती खुर्चीत पुढे सरकली. "रोज चार वाजता दोन चमचे साखर घालून कॉफी प्यायले," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. तुम्ही लोक उगाच साखरेला नावं ठेवता. हिला विचारा, हिने जीव नकोसा केला माझा. आणि चिमे, ऐक, आजपासून घरात साखर आणायची. आता तर कागदावर लिहून आलंय."

डॉक्टरांनी चिमीकडे बघितलं. आईनेही बघितलं, विजयी मुद्रेने. दोन महिने गप्प बसून हे फळ! आता गप्प बसावं तर घरात साखरेचं पोतं येणार.

"साखर नव्हती ती," ती म्हणाली.

"काय नव्हती?"

"साखर नव्हती, आई. एक दाणाही नव्हता. काकांनी डब्यात माझीच पूड भरली होती. तू तीन महिने तीच पितेयस."

डॉक्टर खोकले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. आईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं आतून विझलं. तिने पिशवी उचलली. घरी येईपर्यंत, दोन रस्ते आणि तीन जिने, ती एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. चिमी कामावरून आली तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि दारात काका उभे.

"चारपासून फेस करून ठेवलाय," ते हळूच म्हणाले. "बसला शेवटी. सांगितलंस ना तू?"

"सांगितलं. तुम्हाला काय, तुम्ही होतात का तिथे? ती साखर आणायला निघाली होती!"

"जरा वेळ बघून सांगायचं."

"काका, तुम्ही आता मला शिकवू नका!" चिमी एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. ती आत आली, दार आपटलं आणि थेट आईच्या खाटेशी उभी राहिली. "आणि तू! खोटं कोण बोललं आधी? कॉफी सोडली म्हणून कोण म्हणालं? चोरून कोण जात होतं? फसवलं म्हणून आता आम्हालाच तोंड फिरवून दाखवतेस!"

आई उठून बसली. तिचे डोळे लाल होते.

"फसवलं म्हणून नाही," आई म्हणाली. "तू पोटची, तो शेजारी. फसवाल नाहीतर काय कराल! पण एकतीस वर्षं गं, चिमे. एकतीस वर्षं त्या काउंटरवर उभी राहिले. दूध किंचित फिरलं तर वासावरून सांगायचे. क्रेनवाल्याला किती गोड, कारकुनाला किती, डोळे मिटून. आणि माझ्या जिभेला तीन महिने कळलं नाही तोंडात काय आहे. हाताचं हाड जोडलं जाईल. हे कसं जोडायचं?"

रोज चिमी म्हाताऱ्या माणसांची तोंडं हाताळत होती, पण या बाजूने तिने कधी विचार केला नव्हता. ती खाटेच्या कडेला बसली. आईच्या मनगटावर प्लास्टरखालची कातडी अजून फिकी होती, तिच्यावर तिने हात ठेवला. थोड्या वेळाने ती उठली आणि समोरच्या दारावर गेली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाकल्या पायांनी तसेच चिमीच्या घरात आले.

"मावशी," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी घोट घेतल्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

आई चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

"म्हणालात, 'बोटवाले, ही साखर कसली? मागाहून जरा कडवट लागते.' मी म्हटलं, परदेशी आहे, बारीक असते. तेव्हा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. जिभेने कामगिरी चोख केली होती, चूक कानांनी केली."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मी म्हणाले होते असं?"

"म्हणजे काय!"

"कडवट?"

"हो, मागाहून."

"लागतेच ती कडवट," आई सावकाश म्हणाली. मग जरा मोठ्याने, "लागतेच! मी मनात म्हटलंच होतं, ही साखर सरळ नाही. चिमे, बघितलंस? मी त्याच दिवशी ओळखलं होतं."

चिमीने काकांकडे बघितलं. ते छतावरचे कॉफीचे डाग निरखत होते. हे सगळं खरंच घडलं होतं की त्यांनी आत्ता दारापासून खाटेपर्यंत येताना रचलं होतं, याचा पत्ता त्यांच्या चेहऱ्यावरून लागणं शक्य नव्हतं, आणि चिमीने तो लावायचा प्रयत्नही केला नाही.

आई खाटेवरून उतरून स्वयंपाकघरात गेली होती. तिथून तिचा आवाज आला. "बोटवाले, तुम्ही पूड किती घालता?"

"दोन चमचे."

"दोन! म्हणून कडवट लागते. ती साखर नव्हे, तिला एक पुरे. आणि पाणी फ्रीजमधलं घेता की माठातलं?"

"नळाचं."

"नळाचं," आईने तो शब्द असा उच्चारला की काकांनी मान खाली घातली. "चिमे, इकडे ये. बरणी धर. माझ्या मनगटात जोर नाही, तू हलव, मी सांगते तसं. अशी नाही! उभी नको धरू, आडवी धर. खांद्यापासून हलव. दात बसवतेस का?"

"आई, कामावरून येऊन दहा मिनिटंही झाली नाहीत मला."

"मग बरंय, हात गरम आहेत. हलव."

चिमीने हलवली. खांदे भरून आले, घाम आला, आई थांब म्हणेना. मध्येच तिने बरणीला कान लावला, मान नकारार्थी हलवली आणि पुन्हा हलवायला लावलं. शेवटी झाकण उघडलं तेव्हा आत फिकट रंगाचा, दाट, चमच्याला चिकटणारा फेस होता. आईने तो स्वतः डाव्या हाताने तीन ग्लासांत बर्फावर वाटला, पाण्याची धार सोडली, वर सायीचे दोन दोन चमचे अलगद ठेवले.

तिघं ओट्याशी उभ्यानेच प्यायली. चिमीला ती चांगली लागली. नुसती चांगली नाही, फार चांगली. तिने तसं सांगितलंही.

आईने घोट तोंडात जरा फिरवला, गिळला आणि खिडकीबाहेर बघत विचार केला.

"नव्याण्णव नाही, पण सत्तर मार्कांची आहे," ती म्हणाली. "उद्या पाणी अर्धा चमचा कमी घाल. आणि बोटवाले, तुम्ही ते साखरेचं डबडं उद्या धुऊन, वर चिठ्ठी लावून ठेवा. आत काय आहे ते लिहा. स्वच्छ अक्षरात."

"लिहितो, मावशी."

"चिमे, चारला घरी असशील ना?"

"मी सहाला येते, आई. बावीस वर्षं सहालाच येते."

"मग सहाला," आई म्हणाली, आणि रिकामा ग्लास चिमीच्या हातात देऊन बाहेर निघून गेली.